डार्करूममधून डिजिटल संपादनाकडे: क्रम जुनाच, साधनं नवी

एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर टाकणाऱ्या यंत्राखाली) वर्षानुवर्षं प्रिंट काढलेल्या माणसाने पहिल्यांदा संपादनाचं सॉफ्टवेअर उघडलं की समोर पन्नास-साठ स्लायडर येतात आणि यातलं आपल्याला काहीच येत नाही असं वाटू लागतं. खरं तर यातलं बरंचसं तुम्ही हाताने केलेलं आहे. फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं. ते घडवणाऱ्या थॉमस आणि जॉन नोल या भावांच्या वडिलांची घरीच डार्करूम होती आणि थॉमस तिथेच प्रिंट काढायला शिकला होता. चित्राचा एखादा भाग उजळ करणाऱ्या डॉज टूलच्या चिन्हात तारेच्या टोकाला लावलेली चकती आणि गडद करणाऱ्या बर्न टूलच्या चिन्हात प्रकाश अडवणारा हात दिसतो, ही दोन्ही डार्करूममधलीच साधनं.

अडचण येते ती दुसऱ्या ठिकाणी. डार्करूममध्ये कागद संपायचा, डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) थकायचा, म्हणून दिवा लावण्याआधी ठरवावं लागायचं. सॉफ्टवेअरमध्ये काहीच संपत नाही. कुठलाही स्लायडर कधीही हलवता येतो, मग माणूस तासभर तेच करत बसतो आणि शेवटी चित्र सुरुवातीपेक्षा वाईट दिसतं. यावर मला एकच इलाज खात्रीचा वाटतो: डार्करूममधला कामाचा क्रम इथे जसाच्या तसा आणायचा. आधी कॉन्टॅक्ट शीट (सगळ्या चित्रांचा एकत्र कागद), मग टेस्ट स्ट्रिप (वेगवेगळ्या प्रकाशाची चाचणी पट्टी), मग ग्रेड (कागदाचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद-उजळातला फरक), मग पूर्ण प्रिंट, त्यानंतर डॉजिंग-बर्निंग (काही भाग उजळ, काही गडद करणं) आणि सगळ्यात शेवटी स्पॉटिंग (डाग भरणं). सॉफ्टवेअर हा क्रम पाळायला सांगणार नाही, तो आपणच पाळायचा. पुढचा लेख आधी तयारी सांगतो आणि मग त्याच क्रमाने जातो, कागदावरची प्रिंट मात्र इथे शेवटी येते.

आधी खोली आणि मॉनिटर

डार्करूम उभारताना तुम्ही सेफलाइट (कागद खराब न करणारा मंद दिवा) तपासला होता, कुठून प्रकाश आत येतो ते शोधलं होतं. तेवढीच काळजी इथे मॉनिटरची घ्या. नवा मॉनिटर कारखान्यातून फार उजळ करून येतो. अशा पडद्यावर चित्र छान दिसतं आणि प्रिंट मात्र काळपट निघते. नवख्यांची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच, आणि दोष बहुतेक वेळा प्रिंटरचा नसतो.

कॅलिब्रेशनचं उपकरण, म्हणजे कलरिमीटर, पडद्यावर ठेवून त्याचं सॉफ्टवेअर चालवा. रंगतापमान ६५०० केल्विन, गॅमा (मधले टोन किती उजळ दिसतील ते ठरवणारा आकडा) २.२ आणि उजळपणा प्रति चौरस मीटर ८० ते १२० कँडेला, हे आकडे धरून चला. प्रिंट काढायची असेल तर ८० ते १०० च्या आसपास थांबणं बरं. पडदे वयानुसार बदलतात, तेव्हा हे काम दर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा करा. खोलीतला प्रकाश मंद आणि रोज सारखाच हवा, पडद्यावर थेट पडणारा नको. सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी मध्यम करडी ठेवा. काळ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक चित्र आहे त्यापेक्षा उजळ वाटतं. भडक रंगाचा शर्ट घालून बसू नका, त्याची झाक पडद्यावर पडते आणि रंगांचा अंदाज चुकतो.

निगेटिव्हच्या जागी रॉ फाइल

कॅमेऱ्यात रॉ आणि जेपेग असे दोन पर्याय असतात. रॉ म्हणजे निगेटिव्ह. जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच ग्रेड निवडून काढलेली प्रिंट. जेपेगमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला २५६ पातळ्या असतात, १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. जेपेगवर जोरात कॉन्ट्रास्ट चढवला की आकाशात पट्टे उमटतात, ते या फरकामुळे. संपादन शिकायचं असेल तर रॉमध्येच टिपा.

इथे एक सवय मोडावी लागते, आणि ती मोडणं जड जातं. निगेटिव्ह फिल्मवर आपण छायेसाठी एक्स्पोज करत होतो, म्हणजे छायेत तपशील येईल इतका प्रकाश देत होतो, आणि उजळ भाग डेव्हलपिंगमध्ये सांभाळत होतो. त्याला कारण होतं. फिल्मचा वक्र (प्रकाशानुसार घनता कशी वाढते ती रेषा) वरच्या टोकाला हळूहळू वाकतो. आकाश दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त एक्स्पोज झालं तरी निगेटिव्हमध्ये ते दाट का होईना, पण शाबूत असायचं. बाकीचा कागद झाकून त्या कोपऱ्यावर अर्धा मिनिट जास्त प्रकाश दिला की ढग वर यायचे. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरला असा वाकणारा खांदा नाही. त्याची क्षमता भरली की पुढे सपाट पांढरं, आणि त्या पांढऱ्यात तपशील उरतच नाही. तिथे बर्निंग केलं तर ढग येत नाहीत, मळका करडा डाग येतो.

म्हणून डिजिटलमध्ये उजळ भागासाठी एक्स्पोज करायचं आणि छाया संपादनात वर आणायची. ज्यांनी ट्रान्स्परन्सी, म्हणजे स्लाइडची, फिल्म वापरली आहे त्यांना हा हिशेब नवा नाही. पण याचा अर्थ सगळंच काळोखं टिपावं असाही नाही. सेन्सरवर जितका कमी प्रकाश पडेल तितकी छायेत नॉइज, म्हणजे ठिपक्यांची खरखर, जास्त, आणि ती फिल्मच्या ग्रेनसारखी डोळ्याला गोड लागत नाही. महत्त्वाचा उजळ भाग कापला जाणार नाही इतपत, पण शक्य तितका जास्त प्रकाश द्या.

यासाठी कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम बघायला शिका. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, आणि उंची म्हणजे त्या टोनचे पिक्सेल किती. उजव्या भिंतीला आलेख चिकटला की तिथला तपशील गेला असं समजा. मात्र कॅमेरा हा आलेख जेपेगवरून काढतो, त्यामुळे रॉ फाइलमध्ये थोडी जागा अजून शिल्लक असते. आपल्या कॅमेऱ्यात ती नेमकी किती, हे एकाच दृश्याची थोडी थोडी एक्स्पोजर वाढवत काही चित्रं घेतली की कळतं. नव्या फिल्मची चाचणी आपण अशीच करत होतो.

झोन सिस्टीम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत टोनचे टप्पे पाडण्याची पद्धत) वापरणाऱ्यांसाठी एक आकडा सांगतो. झोन ५ म्हणजे १८ टक्के परावर्तनाचा करडा. एसआरजीबी या नेहमीच्या रंगक्षेत्रात तो ० ते २५५ च्या मोजपट्टीवर साधारण ११८ ला बसतो. सॉफ्टवेअरमधला कर्सर चित्रावर फिरवला की त्या जागेचा आकडा दिसतो. स्पॉट मीटर (एका लहान जागेचा प्रकाश मोजणारं उपकरण) हातात असल्यासारखा तो वापरा.

जुनी निगेटिव्ह आणायची असतील तर

स्कॅनचं काम वेळखाऊ आहे, पण हाताला सगळ्यात ओळखीचं. ३५ मिमी फ्रेम २४ गुणिले ३६ मिलिमीटरची. २४०० पीपीआयला (इंचाला २४०० पिक्सेल) स्कॅन केली तर साधारण ३४०० गुणिले २२७० पिक्सेल मिळतात आणि त्यातून ३०० पीपीआयने सुमारे ११ इंच लांबीची प्रिंट निघते. ४००० पीपीआयला जवळपास २१ मेगापिक्सेल होतात. फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावरचा आकडा मात्र खरा धरू नका. प्रत्यक्षात दिसणारा तपशील त्याहून बराच कमी असतो.

स्कॅन १६ बिटांच्या टिफ फाइलमध्ये घ्या आणि मुद्दाम मऊ (कमी कॉन्ट्रास्टचा) ठेवा, म्हणजे दोन्ही टोकांना काही कापलं जाणार नाही. कॉन्ट्रास्ट नंतर आपण देऊ. स्कॅनरमधली धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय पारंपरिक कृष्णधवल फिल्मवर बंद ठेवा. चांदीचे कण इन्फ्रारेड प्रकाश अडवतात आणि यंत्र चित्रालाच धूळ समजतं. रंगीत निगेटिव्हवर आणि रंगद्रव्यावर चालणाऱ्या सी-४१ प्रक्रियेच्या कृष्णधवल फिल्मवर ती सोय चांगली चालते.

मॅक्रो लेन्स आणि लाइट पॅनल असेल तर कॅमेऱ्यानेच निगेटिव्हचा फोटो घेता येतो. फिल्म आणि सेन्सर अगदी समांतर हवेत. फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर आलं की जुळवणी झाली. नंतर चित्र उलटवून पॉझिटिव्ह करा, ती टिफ म्हणून जतन करा आणि पुढचं संपादन त्या टिफवर करा. रॉ फाइलवरच वक्र उलटा करून काम चालू ठेवलं तर बहुतेक स्लायडर उलटे चालतात आणि डोकं फिरतं.

कॉन्टॅक्ट शीट

इथे फार सांगण्यासारखं नाही. सगळी चित्रं लहान आकारात एकत्र बघा. लालसर मेणाच्या पेन्सिलीने चौकट आखायची सवय होती तिथे आता तारे द्या. पहिल्या फेरीत कशालाही हात लावू नका, फक्त निवडा. आणि निवडलेलं प्रत्येक चित्र संपादित करायलाच हवं असं नाही.

सॉफ्टवेअर कोणतं? लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी यांपैकी कुठलंही एक. शेवटची दोन फुकट मिळतात. ही सगळी मूळ फाइलला धक्का न लावता फक्त सूचना वेगळ्या साठवतात, म्हणजे निगेटिव्ह कायम सुरक्षित. एक निवडलंत की निदान काही महिने तेच वापरा. सारखं बदलत राहिलं तर हात बसत नाही.

टेस्ट स्ट्रिप आणि ग्रेड

सुरुवातीला फक्त सहा साधनं उघडी ठेवा: एक्स्पोजर, काळा बिंदू, पांढरा बिंदू, कर्व्ह, मास्क आणि डाग काढायचा ब्रश. क्लॅरिटी, डीहेझ, फिल्मसारखा रंग देणारे तयार प्रीसेट हे सगळं नंतर. प्रीसेट म्हणजे दुसऱ्याने दुसऱ्याच निगेटिव्हसाठी ठरवलेली वेळ आणि ग्रेड. ती आपल्या चित्राला लागू पडली तर तो योगायोग.

एक्स्पोजरचा स्लायडर स्टॉपमध्ये चालतो. एन्लार्जरवर ८ सेकंदांचे १६ केले तर एक स्टॉप, इथे १.०० ने सरकवलं तरी एक स्टॉप. दिशा मात्र उलटी आहे. कागदावर प्रकाश वाढवला की प्रिंट काळी व्हायची, इथे आकडा वाढवला की चित्र उजळतं. पहिले काही दिवस हात चुकीच्या बाजूला जाईल, जाऊ द्या.

खरी टेस्ट स्ट्रिप करून बघा. चित्राच्या पाच व्हर्च्युअल प्रती बनवा आणि एक्स्पोजर –१, –०.५, ०, +०.५, +१ असं ठेवून शेजारी-शेजारी लावा. मग निवडा. एकच स्लायडर पुढे-मागे करत बसलं की डोळा प्रत्येक स्थितीला सरावतो आणि शेवटी जे समोर असेल तेच बरोबर वाटू लागतं. पाच चित्रं एकत्र दिसली की तुलना होते. डार्करूमने आपल्या डोळ्याला हीच शिस्त लावली आणि ती सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

आता ग्रेड. आधी टोकं ठरवा. काळ्या बिंदूचा स्लायडर असा लावा की चित्रातली सगळ्यात गडद जागा नुसती काळी होईल, आणि पांढऱ्याचा असा की ज्या उजळ भागात पोत हवा तिथे तो टिकेल. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर सरकवताना ऑल्ट दाबून ठेवलं किंवा कापल्या जाणाऱ्या भागाची खूण चालू केली की नेमकं काय हरवतंय ते दिसतं. प्रत्येक चित्रात शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा असायलाच हवा हा नियम नाही. धुक्याच्या चित्राला तो लावला तर धुकंच जातं.

मधल्या टोनसाठी कर्व्ह. फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड यांनी १८९० साली प्रकाश आणि काचेच्या प्लेटवरची घनता यांचा वक्र मांडला. कर्व्ह साधनात तुम्ही तसाच वक्र स्वतःच्या हाताने वाकवता. रेषा जिथे उभी तिथे कॉन्ट्रास्ट जास्त, जिथे आडवी तिथे कमी. इंग्रजी एस अक्षरासारखा हलका आकार दिला की मध्यभाग कडक होतो आणि टोकं मऊ राहतात. कागदाचा ग्रेड बदलला की पूर्ण चित्र बदलायचं, कर्व्हवर मात्र फक्त छायेचा कॉन्ट्रास्ट वाढवता येतो. मल्टिग्रेड कागदावर (फिल्टर बदलला की ज्याचा कॉन्ट्रास्ट बदलतो) मऊ आणि कडक फिल्टरांनी दोन एक्स्पोजर देऊन जे जवळपास साधायचो ते इथे दोन बिंदूंत होतं. बिंदू तीनपेक्षा जास्त लागत असतील तर आधी एक्स्पोजर पुन्हा तपासा.

कृष्णधवल करताना रंगीत रॉ फाइलवरून करा आणि रंगांचे स्लायडर वेगवेगळे वापरा. लेन्सवर पिवळा, नारिंगी किंवा लाल फिल्टर लावून आकाश गडद करायचो तो निर्णय आता नंतर घेता येतो. पण निळा स्लायडर फार खाली ओढला की आकाशात नॉइज उमटते आणि डोंगराच्या किंवा झाडाच्या कडेला पांढरी रेघ दिसू लागते. लेन्सवरच्या काचेच्या फिल्टरला हा दोष नव्हता.

डॉजिंग आणि बर्निंग

इथे डार्करूमवाल्याचा हात खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. जिथे चकती किंवा पुठ्ठा धरत होता तिथे मास्क काढायचा आणि त्या मास्कपुरतं एक्स्पोजर बदलायचं. फोटोशॉपच्या मास्कमध्ये पांढरं म्हणजे परिणाम दिसेल, काळं म्हणजे झाकला जाईल, करडं म्हणजे अर्धवट. पुठ्ठा सतत हलवत ठेवत होतो तो कडा उमटू नये म्हणून. इथे त्यासाठी फेदर (कडेचा मऊपणा) वाढवा आणि ब्रशचा फ्लो (एका फटक्यात होणारा परिणाम) १० ते २० टक्के ठेवून थरावर थर द्या.

तुमच्या जुन्या प्रिंटच्या नोंदी असतील तर त्या स्टॉपमध्ये बदलता येतात. मूळ एक्स्पोजर २० सेकंद आणि आकाशाला आणखी १० सेकंद दिले असतील तर तिथे एकूण दीडपट प्रकाश पडला, म्हणजे सुमारे ०.६ स्टॉप. आकाशाच्या मास्कवर –०.६ लावून सुरुवात करा. चेहऱ्यावर २० पैकी ४ सेकंद चकती धरली असेल तर तिथे ८० टक्के प्रकाश पोचला, म्हणजे ०.३ स्टॉप कमी. इथे ते +०.३. कडक ग्रेडच्या कागदावर तेवढ्याच स्टॉपचा परिणाम जास्त दिसायचा, म्हणून हे आकडे शेवटचे मानू नका. पण सुरुवात नेमकी कुठून करायची हे कळतं, आणि नवख्या माणसाला तेच हवं असतं.

मास्क काढायला घेण्याआधी चित्राची एक छोटी, साधी प्रिंट काढा. तिच्यावर पेन्सिलीने लिहा: हा कोपरा गडद, हात थोडा उजळ, मागची भिंत दाबा. मग पडद्याकडे वळा आणि तेवढंच करा. हा कागदावरचा नकाशा मी कधीच सोडणार नाही. पडद्यासमोर बसल्यावर सुचणारी दहावी दुरुस्ती चित्रासाठी क्वचितच असते, ती बहुधा साधन हाताशी आहे म्हणून होते.

कडा गडद करण्यासाठी विन्येटचा तयार स्लायडर असतो. तो चारही बाजूंना सारखाच वागतो आणि लगेच ओळखू येतो. आपण प्रत्येक कड वेगळी बर्न करत होतो, कारण प्रत्येक कडेला प्रकाश वेगळा होता. रेषीय ग्रेडियंटचे (एका बाजूकडून हळूहळू फिके होत जाणारे) मास्क घेऊन इथेही तसंच करा.

स्पॉटिंग आणि शार्पनिंग

बारीक ब्रश आणि रंग घेऊन पांढरे ठिपके भरण्याच्या कामातून सुटका झाली, याबद्दल कुणी हळहळणार नाही. चित्र १०० टक्के मोठं करून डावीकडून उजवीकडे पट्ट्या-पट्ट्यांनी तपासा. सेन्सरवरची धूळ प्रत्येक चित्रात त्याच जागी असते, त्यामुळे एकाची दुरुस्ती बाकीच्यांवर एकदम लावता येते. ग्रेन पुसू नका. नॉइज कमी करण्याचा स्लायडर थोडा जास्त झाला की त्वचा मेणासारखी गुळगुळीत होते.

अनशार्प मास्क हीसुद्धा डार्करूमचीच युक्ती. निगेटिव्हवरून किंचित अस्पष्ट, फिकी पॉझिटिव्ह बनवून ती निगेटिव्हला चिकटवायची आणि दोन्हींतून प्रकाश टाकायचा. मोठ्या भागांचा कॉन्ट्रास्ट कमी व्हायचा आणि कडा उठून यायच्या. सॉफ्टवेअर हेच गणिताने करतं. त्रिज्या एका पिक्सेलच्या आसपास ठेवून सुरुवात करा. चित्र अंतिम मापाचं झाल्यावरच शार्पनिंग करा, आधी करून मग मोठं केलं तर कडांच्या पांढऱ्या रेघाही मोठ्या होतात.

प्रिंट

प्रिंट काढायची नसेल तर इथे थांबता येईल, पण मी थांबू नका म्हणेन. पडद्यावरची चूक कागदावर लगेच दिसते. ८ गुणिले १० इंचांच्या प्रिंटला ३०० पीपीआयने २४०० गुणिले ३००० पिक्सेल लागतात, म्हणजे अवघे ७.२ मेगापिक्सेल.

ज्या कागदावर छापणार त्याचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) मिळवा आणि सॉफ्ट प्रूफिंग (प्रिंट कशी दिसेल ते पडद्यावर दाखवणारी सोय) चालू करा. पडद्यावरचं चित्र एकदम फिकं दिसेल, मॅट कागदासाठी तर जास्तच, कारण मॅट कागदावरचा काळा ग्लॉसीइतका गडद होत नाही. हे फिकेपण बघून घाबरू नका, त्याच स्थितीत कॉन्ट्रास्ट थोडा सावरा. मग पूर्ण कागद खर्ची घालण्याआधी चित्रातल्या महत्त्वाच्या भागाची एक अरुंद पट्टी छापा. फायबर प्रिंट वाळल्यावर गडद व्हायची म्हणून आपण वेळ किंचित कमी देत होतो. इंकजेटची शाईही स्थिरावायला वेळ घेते, तेव्हा पट्टी दुसऱ्या दिवशी बघा, आणि प्रिंट जिथे लावणार तिथल्या प्रकाशात बघा. दुरुस्ती पडद्यावर करण्याआधी पट्टीवरच पेनने लिहून ठेवा.

जपून ठेवताना

मूळ रॉ फाइल आणि लेयरसकट १६ बिटांची टिफ, दोन्ही ठेवा. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. डिस्क बंद पडते तेव्हा पाण्यात भिजलेल्या निगेटिव्हसारखं थोडंफार वाचवता येत नाही, सगळंच एकदम जातं. प्रतीवरच्या फाइल अधूनमधून उघडून बघा. न उघडता पडून राहिलेली प्रत शाबूत आहे की नाही ते कळायला दुसरा मार्ग नाही. स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह टाकू नका. स्लीव्हमध्ये घालून कोरड्या, थंड जागी ठेवा आणि फाइलच्या नावात रोल आणि फ्रेमचा क्रमांक लिहा, म्हणजे पुढे चांगला स्कॅनर हाती आला की नेमकी तीच पट्टी काढून पुन्हा स्कॅन करता येईल.